डावा कान

सकाळी कॉफीचा पहिला घोट घेण्याआधी तिओ पुलो दोन्ही कानांमागे ओला हात फिरवायचा आणि अंगणात उत्तरेकडे तोंड करून उभा राहायचा. जो कान आधी गार पडेल तिकडचा वारा. त्यावरून बेटावर आलेल्या पाहुण्यांना त्या दिवशी होडीने कुठल्या किनाऱ्यावर न्यायचं ते ठरे.

पुलो माझा मामा. आई गेल्यापासून मी त्याच्या आणि तिया बेनिंगच्या, म्हणजे मामीच्या, घरी वाढले. पश्चिमेचा किनारा पांढरा, लांबलचक, हॉटेलांचा. पूर्वेच्या किनाऱ्यावर शेवाळाची शेती आणि वाळत्या माशांचा वास. पाहुणे तिथे नाक मुरडत. पण वारा फिरला की पश्चिमेचा समुद्र खवळतो, म्हणून बेटावरच्या सगळ्या होड्या पूर्वेला जातात. मात्र गावच्या संताची मूर्ती होडीतून पश्चिमेच्या पाण्यात फिरवून आणल्यावरच. त्याआधी होडी हलवली तर संताकडे पाठ केली असं धरतात.

त्या वर्षी मूर्तीचा मान पुलोच्या होडीला मिळाला होता. त्याने ती निळी रंगवली. तियाने कागदी फुलांच्या माळा केल्या.

मिरवणुकीला बरेच दिवस असताना एका सकाळी डावा, पश्चिमेकडचा कान आधी गार पडला. पुलोने तो पुसला, पुन्हा ओला केला, पुन्हा उभा राहिला. मग कॉफी प्यायला.

शेजारच्या अम्ब्रोस्योने आपली होडी गळते, दुरुस्तीला नेतो, असं सांगून ती पूर्वेला नेली. मग एकेक करून सगळ्यांच्याच होड्या गळायला लागल्या. लांब पांढऱ्या वाळूसमोर पुलोची निळी होडी तेवढी उरली.

एक नवं जोडपं कुठला किनारा चांगला म्हणून विचारत आलं. त्याने त्यांना जमिनीवरच्या रस्त्याने पूर्वेला पाठवलं. संध्याकाळी ती दोघं वासाची तक्रार घेऊन परत आली, तेव्हा अम्ब्रोस्यो हसून म्हणाला, की पुलो आता फक्त संतालाच गिऱ्हाईक समजतो.

जेवताना तिया म्हणाली, "तुझ्या संताला पोहता येतं का, विचारून घे. तुझे हात काही पहिल्यासारखे चालत नाहीत."

"मान घेतलाय, बेनिंग. रिकामा किनारा दाखवू त्याला?"

"होडीच राहिली नाही तर काय दाखवशील?"

त्या रात्री माळांची टोपली त्याने होडीतून घरात आणून ठेवली.

मिरवणुकीच्या आदल्या सकाळी त्याने कान ओले केलेच नाहीत. लाटांचा आवाज अंगणापर्यंत येत होता. नांगर घसरत होता, होडी खडकांकडे ओढली जात होती. दक्षिणेच्या टोकाला वळसा घालून ती पूर्वेला न्यायची, त्याने शेवटी ठरवलं. तिया म्हणाली, अम्ब्रोस्योला सोबत घे. त्याच्या होडीची गळती अजून थांबली नसेल, असं म्हणून पुलो एकटाच निघाला.

होडीच्या कडेचा, तिचा तोल धरणारा निळा बांबू दोन दिवसांनी पूर्वेच्या किनाऱ्याला लागला, शेवाळाच्या शेतीच्या दोऱ्यांत अडकून. पुलो सापडला नाही. माळा अजून टोपलीत आहेत.

निघाला त्या सकाळी फाटकापाशी तो थबकला होता. मला वाटलं, परत फिरतोय. त्याने मागे वळून पाहिलं आणि मला म्हणाला,

"सुक्या मासळीवर टोपली पालथी घाल गं, मांजर टपून बसलंय."