आडनावासकट

मी माझ्या बायकोला चुटकी वाजवून बोलावलं होतं. बेडपॅन उचलायला. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगायचं तर आधी माझ्यासाठी वाजलेली चुटकी सांगावी लागते, आणि तिचीही लाज वाटायची.

मुलुंडच्या एका खाजगी हॉस्पिटलात मी वॉर्डबॉय आहे. अर्धं आयुष्य तिथे गेलं. तिथे काम करणारी बाई असेल तर मावशी, पुरुष असेल तर मामा. आम्हाला नाव नसतं. पंचेचाळिशीत मी घाटकोपरला नर्सिंग असिस्टंटच्या कोर्सला नाव घातलं. सकाळी ड्युटी, दुपारी क्लास. प्रॅक्टिकल मात्र आमच्याच हॉस्पिटलात. सकाळी ज्या वॉर्डात मामा, दुपारी त्याच वॉर्डात पांढरे कपडे घालून विद्यार्थी. बरोबर सगळ्या विशीतल्या पोरी. ट्रॉम्ब्याच्या कोळीवाड्यातली रेश्मा पहिल्याच दिवशी म्हणाली, "दादा, झकास दिसतोस रे! वहिनीने घरातून बाहेर सोडलं कसं?" मी हसलो. छाती जरा वर आली होती.

खिडकीजवळच्या खाटेवर एक काका होते. रिटायर्ड साहेब. डायबिटीसमुळे पायाची जखम भरत नव्हती, म्हणून बरेच दिवस मुक्काम. रोज सकाळी त्यांचं अंग मी पुसायचो. दाढी करायचो. "मामा, हात हलका आहे तुझा," म्हणायचे.

क्लासमध्ये शिकवलं होतं, पेशंटला हात लावण्याआधी आपलं पूर्ण नाव सांगायचं. काय करणार ते सांगायचं. मग त्याची परवानगी घ्यायची. मी हात धुतले, ड्रेसिंगचा ट्रे घेतला, खाटेपाशी उभा राहिलो आणि शिकवलं तसं नाव सांगितलं. आडनावासकट.

काकांनी पाय चादरीखाली ओढून घेतला.

"गाव कुठलं?" त्यांनी विचारलं. मी गाव सांगितलं, तळकोकणातलं. "हं," म्हणाले. मग इन्चार्ज सिस्टरकडे वळून अगदी गोड आवाजात, "सिस्टर, ड्रेसिंगला या मुलींपैकी कुणाला तरी द्या ना. यांचं काम वेगळं असतं."

सिस्टरने माझ्या हातातला ट्रे काढून रेश्माच्या हातात दिला.  ड्रेसिंग झालं. काकांनी खाटेखाली बोट दाखवलं आणि चुटकी वाजवली. "मामा, हे तेवढं."

मी खाली वाकलो. बेडपॅन उचलला. पांढऱ्या कपड्यांत. पोरी भिंतीकडे बघत होत्या.

माझे वडील गिरणीत होते. विणकाम खात्यात धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागायचा, म्हणून तिथे आमच्या जातीच्या माणसांना कुणी उभं करत नसे. हे ते हसत हसत सांगायचे. लहानपणी मीही हसायचो. त्या दुपारी मला कळलं, ते हसत का होते.

घर भांडुपच्या टेकडीवर. एकच खोली. वडील लकव्याने अंथरुणाला खिळलेले. बोलता येत नाही, ऐकू सगळं येतं. माझी बायको सुनंदा बारावी पास, मी दहावी. कोर्सची बातमी तिनेच आणली होती. "आपल्यापैकी एकाने करायला हवं," म्हणाली होती. वडिलांपाशी कुणीतरी बसायला हवं होतं. कुणी बसायचं, हा प्रश्न आमच्या घरात निघालाच नाही. मीही काढला नाही. संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता ती माझं पुस्तक मोठ्याने वाचायची, मी ऐकायचो. अर्धं तिलाच पाठ झालेलं.

त्या दिवशी मी आलो तर वडिलांनी अंथरुण खराब केलेलं. ती एकटीच त्यांची कूस बदलत होती. "अहो, जरा धरा ना. माझ्या एकटीच्याने होत नाहीये."

मी पुस्तक घेऊन खुर्चीत बसलो. बेडपॅनकडे बोट दाखवलं. आणि चुटकी वाजवली.

"मी ह्यासाठी शिकत नाही. उचल ते."

बोटं माझीच होती. आवाज त्या माणसाचा.

तिने भांडं उचललं नाही. माझ्याकडे बघितलं. "हे कुणाकडून शिकून आलात?"

मी पुस्तकाचं पान उलटलं. वडिलांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तेवढं त्यांना फिरवता येत होतं.

मग तिनेच सगळं आवरलं. मी बसून राहिलो. त्या रात्री तिने पुस्तक वाचलं नाही, पुढेही कितीतरी दिवस नाही.

पुढचं प्रॅक्टिकल आलं. काका तिथेच. सिस्टर म्हणाली, "मामा, तू बेडपॅन बघ. ड्रेसिंग रेश्मा करेल."

 वडिलांची औषधं, घरभाडं, सगळं त्याच नोकरीवर. तरी बोललो.

"सिस्टर, आत्ता मी मामा नाही." मी पूर्ण नाव सांगितलं. वॉर्डभर ऐकू जाईल असं. "ड्रेसिंग मला शिकायचंय. माझा हात नको असेल तर काकांनी का नको ते सांगावं. सगळ्यांसमोर."

"अहो, मी कुठे काय म्हटलं?" काका खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"लय शहाणा झालास?" सिस्टर ओरडली. "उद्यापासून कामावर यायचंय की नाही?"

"यायचंय. सकाळी बेडपॅन उचलीन. दुपारी नाही."

मला वॉर्डाबाहेर काढलं. ते प्रॅक्टिकल धरलं नाही. जिन्यात रेश्मा कानाशी येऊन पुटपुटली, "वाट लागली तुझी दादा. पण बरं बोललास."

वाट खरंच लागली. नोकरी टिकली, पण तेव्हापासून सकाळी सगळ्या वॉर्डांचे संडास माझ्याकडे. प्रॅक्टिकल पुन्हा द्यायचंय, त्याच वॉर्डात, त्याच सिस्टरपुढे. दुसरीकडे जाता येत नाही. प्रॅक्टिकल इथेच होतं, आणि वडिलांच्या औषधांसाठी ही नोकरीही सोडता येत नाही.

कोर्स मी सोडणार नाही. प्रत्येक खाटेपाशी पूर्ण नाव सांगणार. ज्याला पाय ओढायचाय त्याने ओढावा. पुढच्या बॅचला सुनंदाचं नाव घालणार, आणि तिच्या दुपारी वडिलांपाशी मी बसणार. माझं एक वर्ष लांबलं तर लांबू दे.

एवढं सगळं ठरवलं, पण तिला अजून "माझं चुकलं" म्हटलेलं नाही. वॉर्डभर ओरडलो, घरात तोंड उघडत नाही. हॉस्पिटलात मला कुणाचं काही द्यायचं नाही. तिचे हे दोन शब्द द्यायचे आहेत. वडिलांच्या खाटेपाशी उभं राहून, त्यांना ऐकू जाईल असे.