उतारावरची चावी

अप्पा गाडीत बसताना चपला बाहेर काढून ठेवायचे. देवळाच्या पायरीवर ठेवतात तशी, जोडी नीट जुळवून. मग अनवाणी पायानं ब्रेकचं पेडल हळूच दाबायचे आणि डोळे मिटायचे. कुणी घाई केली तर म्हणायचे, "थांब की. पायाला इचारून राहिलो."

नायगावला बसस्टँडच्या मागं त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे आणि एक खड्डा. ते मूळचे उदगीरकडचे. गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, आणि दुपारपर्यंत त्या विभूतीवर ग्रीसची बोटं उमटलेली. काम फक्त ब्रेकचं करायचे. कुणी गाडीचं ॲव्हरेज वाढवून मागितलं की ते "हौदा?" म्हणायचे. कानडीत त्याचा अर्थ 'असं का?'. अप्पांच्या तोंडी त्याचा अर्थ 'दुसरीकडं जा' असा होता. तुमच्याही ओळखीत असा एखादा मिस्त्री असेल, जो गिऱ्हाइकाला खूश करायच्या भानगडीत पडत नाही.

माझी त्यांची ओळख आमच्या व्हॅनमुळं झाली. बाबांनी एक जुनी व्हॅन घेतली होती. गावातल्या लोकांना ते नायगावला बाजाराला, दवाखान्याला न्यायचे. एका बाजाराच्या दिवशी माळावरच्या उतारावर शेळ्या आडव्या आल्या आणि व्हॅन थांबलीच नाही. बाबांनी ती हळदीच्या शेतात घातली. कुणाला लागलं नाही, एका मावशीची अंडी तेवढी फुटली. लोक त्या दिवशी हसले. पण पुढच्या बाजाराला व्हॅनमध्ये कुणी बसलं नाही. आईनं तर शेजारच्या गावच्या ऑटोला हात केला, आणि गावानं ते पाहिलं. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

मी नांदेडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळं मला सगळं कळतं असं घरच्यांना वाटतं. मला ते सांगायला संकोच वाटतो, पण मलाही थोडं तसंच वाटायचं. होस्टेलवर चार दिवस मी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि एका कागदावर यादी केली. पुढं मोठ्या डिस्क, मागं ड्रमच्या जागी डिस्क, स्टीलच्या जाळीचे पाइप. स्कॉलरशिपचे पैसे त्यासाठी बाजूला ठेवले. आपलं शिक्षण पहिल्यांदा घराच्या उपयोगी पडणार, असं मनात होतं.

अप्पांनी कागद हात लांब करून वाचला.

"हौदा?"

मला अर्थ कळला. मान खाली घालून मी तिथंच उभा राहिलो. तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, व्हॅन वरातीत नाचवायची हाय का बाजाराला न्यायची हाय?"

मग त्यांनी चाकं उतरवली. ब्रेकचं ऑइल चहासारखं काळं झालं होतं. बाबांना पेडल दाबायला सांगून त्यांनी माझी बोटं रबरी पाइपावर ठेवली. पाइप बेडकाच्या गळ्यासारखा फुगत होता. "तुझा बाप तिकडं दाबून राहिला, आन् जोर इथंच फुगून राहिला," ते म्हणाले. जुन्याच ब्रेक-शूवर त्यांनी नवे लायनर, म्हणजे चाकाला घासणारे पट्टे, ठोकले, पाइप बदलले, ऑइल बदललं. उरलेल्या पैशांत पुढचे दोन टायर घे म्हणाले. "ब्रेक चाकाला धरतो. गाडीला टायर धरतो." खरं सांगतो, मी थोडा हिरमुसलो होतो. इतक्या साध्या गोष्टी माझ्या यादीत नव्हत्या.

काम झाल्यावर आम्ही तिघं त्याच माळावर गेलो. बाबा चालवत होते, शेजारी अप्पा, मी मागं. उतार सुरू झाला आणि बाबांचा हात सवयीनं चावीकडं गेला. त्यांनी इंजिन बंद केलं.

आमच्या रस्त्यावरचे सगळे ड्रायव्हर हे करतात. पेट्रोल वाचतं हे एक कारण. दुसरं म्हणजे पैज. माळाच्या टोकापासून ओढ्याच्या पुलापर्यंत बंद गाडी कोण नेतो, यावर चहा लागतो. बाबांनी असे पुष्कळ चहा जिंकले होते.

अप्पांनी फक्त "दाबा" म्हटलं. बाबांनी दाबलं. व्हॅन कचकन हळू झाली. "सोडा. परत दाबा." दुसऱ्यांदा कमी. तिसऱ्यांदा पेडल दगड झालं आणि व्हॅन पुलाकडं घरंगळत राहिली. अप्पांनी शांतपणे हँडब्रेक ओढून ती उभी केली.

"पाटील," ते बाबांना हळू आवाजात म्हणाले, "इंजिन चालू असतं तवर त्याचा जोर ब्रेकला असतो. चावी फिरवली की तो गेला. मग नुसता तुमचा पाय उरतो."

बाबांनी चावी फिरवून इंजिन चालू केलं. त्यांचे कान लाल झाले होते. अप्पांनी मागं वळून मला विचारलं, "मास्तर, तू काय बघितलंस?"

"काही नाही," मी म्हणालो.

"शाबास. मी बी न्हाई."

गावात त्यांनी सांगितलं की पाइप आणि लायनर गेले होते, आता नवे आहेत. ते खोटं नव्हतं. पुढच्या बाजाराला दुकान बंद ठेवून ते आमच्या गावात आले आणि सगळ्यांच्या देखत पुढच्या सीटवर बसले. आई थोडा वेळ उभी राहिली. मग पदर सावरत मागं जाऊन बसली. तिच्यामागून अंडीवाली मावशी, आणि मग बाकीचे.

या थंडीत अप्पा गेले. मातीला नायगावातले सगळे ड्रायव्हर आले होते. माती झाल्यावर चार लोक त्यांच्याबद्दल दोन शब्द बोलले. आणि मग बाबा उभे राहिले. ग्रामसभेतही तोंड न उघडणारे माझे बाबा.

"माझी व्हॅन शेतात गेली, ते नुसतं ब्रेकमुळं न्हाई," ते म्हणाले. "चावी मी बंद केली होती. ह्या माणसाला ठावं होतं, पण माझी इज्जत ठेवली, कुणाला बोलला न्हाई. आज मीच सांगून राहिलो. तुम्ही बी बंद करता. नका करू."

पैजेत बाबांना नेहमी टक्कर देणारा एक जीपवाला मान खाली घालून "हाव, खरं हाय" म्हणाला.

परतताना माळावर पाच-सहा गाड्या ओळीनं चालल्या होत्या. उतार सुरू झाला तेव्हा मी खिडकीची काच खाली केली. पुढच्या आणि मागच्या, सगळ्या गाड्यांची इंजिनं चालू होती.