गोळे वर कोणी नेले

विजयमालाबाई पहिल्यांदा त्या मंडळात गेल्या, तेव्हा दारातच अनंतराव पेंडशांनी त्यांना विचारलं, "गीतेचा वर्ग खाली आहे. आपण चुकून वर आलात का?"

"खाली डोकावूनच आले," बाई म्हणाल्या. "मला युद्धाचाच हवाय."

शनिवार पेठेतल्या एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ही मंडळी जमतात. दहा-बारा जण. सध्या कोण कुठलं युद्ध वाचतंय ते प्रत्येकाने सांगायचं, मग चहा, मग वाद. बँकेतून निवृत्त झालेले अनंतराव मंडळाचे चालक. आणखी काही न विचारता त्यांनी बाईंना एक खुर्ची दिली, हाच त्यांच्यापरीने सत्कार होता.

त्या दिवशी इंद्रजीत नावाचा हिंजवडीत नोकरी करणारा मुलगा आफ्रिकेतल्या वाळवंटातल्या रणगाड्यांबद्दल बोलत होता. "टँक बॅटल्स एकदम भारी आहेत. मध्ये सप्लायचं लांबलचक चॅप्टर आहे, ते मी स्किप केलं."

"मग पाण्याचं काय केलं त्यांनी?" बाईंनी विचारलं.

इंद्रजीतने पुस्तक उघडून गाळलेलं प्रकरण शोधायला सुरुवात केली.

बाईंची सगळी नोकरी स्वारगेटच्या एसटी आगारात, ड्रायव्हर लोकांना ड्यूट्या लावण्याच्या टेबलावर गेली होती. कोणाची झोप झालेली नाही, कोणाला घाटात पाठवू नये, एक गाडी बंद पडली की मागच्या किती अडकतात, हे त्यांना चेहरे बघून कळायचं. युद्धाची पुस्तकंही त्या तशीच वाचत. त्यांची पाळी आली तेव्हा कारगिलवरचं जाडजूड पुस्तक त्यांनी मांडीवर ठेवलं. "तोफांनी शिखर भाजून काढलं, असं यात तीन ठिकाणी लिहिलंय. गोळे तोफेपर्यंत कोणी नेले, ते मात्र एकाही ठिकाणी नाही."

"ते परिशिष्टात असतं, बाई," अनंतराव म्हणाले. "आणि परिशिष्ट इथे कोणी वाचत नाही."

"मी वाचलं. त्यातही नाही."

त्यांनी हे एवढं धरून का ठेवलंय, ते त्या दिवशी कोणी विचारलं नाही. त्यांचा धाकटा भाऊ हिंदुराव त्या लढाईत होता. सैन्यात ट्रक ड्रायव्हर. परत आला तेव्हा सगळं गाव दारात जमलं. तो एवढंच म्हणाला, "गाडी चालवली. दुसरं काय?" पुढे सत्कार ठेवला, तर "मी ड्रायव्हर हाय, मला कशाला वर बोलवताय," म्हणत मांडवामागे जाऊन बसला. निवृत्तीनंतर त्याने खडकवासल्याच्या रस्त्याला रोपवाटिका काढली. स्वतःच्या टेम्पोतून रोपं पोचवायचा. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर मात्र कोणाला बसू द्यायचा नाही. तिथे कुंड्या ठेवायचा. बायकोसुद्धा मागे बसायची. विजयमालाबाईंनी दोनदा विचारलं, दोनदा तो उठून गेला. मग त्यांनी विचारणं सोडलं आणि पुस्तकं आणायला सुरुवात केली. कोणीतरी कुठेतरी लिहिलं असेल, असं त्यांना वाटायचं.

सप्टेंबरच्या रविवारी हिंदुरावला मंडईजवळ तुळशीची रोपं द्यायची होती. बाई मागच्या बाकावर बसून त्याच्याबरोबर आल्या. "वर ये, चहा घे," म्हणाल्या. तो नाही म्हणाला आणि गाडीतच बसून राहिला.

बाईंनी वर जाऊन सांगितलं, की कारगिलला सैन्याचा ट्रक चालवणारा भाऊ खाली आहे, येणार नाही. अनंतराव म्हणाले, "आग्रह नको." इंद्रजीत मात्र उठून खाली गेला. हात जोडणं नाही, शौर्याची गोष्ट नाही. टेम्पोच्या खिडकीशी उभा राहून त्याने विचारलं, "काका, लोडेड गाडी जोजिला घाटाच्या उताराला कुठल्या गिअरमध्ये असायची?"

हिंदुरावने त्याच्याकडे नीट पाहिलं. "दुसरा," तो म्हणाला. "चढाला दुसरा, उताराला बी दुसराच. ब्रेकवर भरवसा ठेवायचा न्हाई."

पुढची दहा मिनिटं दोघं इंजिनावर बोलत राहिले. मग इंद्रजीत म्हणाला, "हे वर सांगाल का? तिथे कोणालाच माहीत नाहीये." आणि हिंदुराव आला. खुर्ची नको म्हणून खिडकीला टेकून उभा राहिला.

"द्रासच्या अलीकडं सगळा रस्ता वरनं दिसायचा त्यांना," तो सांगू लागला. "म्हणून अंधारात जायचं. दिवे बंद. माझा सहचालक बद्रीनाथ, परभणीकडचा. तो डाव्या दारातनं बाहेर वाकून रस्त्याची कड बघायचा आन् दारावर थाप मारायचा. एक थाप म्हंजी चल. दोन म्हंजी थांब. मला समोर काय बी दिसत नसायचं. त्या थापेवर गाडी चालायची."

त्याने खिडकीच्या चौकटीवर एक थाप मारून दाखवली.

"एका राती गोळे पडाया लागले. थाप बंद झाली. मला कळलं. पर थांबता येत नव्हतं. मागं चौदा गाड्या, समद्यांत दारूगोळा. मी थांबलो तर सगळे थांबणार. मी पावणेदोन किलोमीटर तशीच चालवली. तो शेजारीच होता."

इंद्रजीतने हळूच विचारलं, "आणि गोळे?"

"पोचले," हिंदुराव म्हणाला. "सकाळी तोफा चालू झाल्या, तवा मी त्याच्यापाशी बसलो होतो."

विजयमालाबाई जमिनीकडे बघत होत्या. त्यांनी तीसेक पुस्तकं वाचली होती. एकदाही रडल्या नव्हत्या. आता पदराने डोळे टिपताना त्यांना कोणाची लाज वाटली नाही. अनंतरावांनी उठून हिंदुरावच्या हातात चहाचा कप दिला. "आमच्याकडून वाचायचं राहून गेलं होतं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून इतकं साधं वाक्य मंडळाने आधी ऐकलं नव्हतं.

त्या आठवड्यात बाईंनी ते सगळं चार फुलस्केप पानांवर लिहून काढलं आणि त्याला वाचायला दिलं. त्याने चष्मा लावून सावकाश वाचलं. एकच दुरुस्ती केली. त्यांनी 'परभणीचा एक जवान' असं लिहिलं होतं. ते खोडून त्याने बद्रीनाथचं पूर्ण नाव आणि गाव घातलं. ती पानं आता मंडळाच्या कपाटात आहेत. इंद्रजीतने ती टाइप करून बद्रीनाथच्या गावच्या शाळेलाही पाठवली.

मग एक दिवस रोपांना पाणी घालता घालता हिंदुराव म्हणाला, "अक्का, तुमच्या त्या कपाटात खेचरांवर काय हाय का? गाडी संपायची तिथनं पुढं खेचरं जायची. त्यांचं कोण लिहितं का?"

पहिल्या महायुद्धातल्या खेचरांच्या तुकड्यांवरचं एक जुनं मराठी पुस्तक अनंतरावांनी शोधून काढलं. नोव्हेंबरच्या बैठकीत हिंदुराव खुर्चीवर बसला. त्याची पाळी आल्यावर अनंतरावांनी रीतसर विचारलं, "आपण सध्या काय वाचताय?"

"खेचरांचं," हिंदुराव म्हणाला. "बत्तीस पानं झालीत. लिवणाऱ्यानं खेचर जवळनं बघितलंय."