बिनतोंडाचा धोटा

गुणाजीचे हात म्हणजे आपल्या घरातली दोन जास्तीची पोरं, असं त्याची बायको शेवंती म्हणायची. घटकाभर स्वस्थ बसतील तर शपथ. गिरणीतून पाळी संपवून माणूस वरळीच्या बीडीडी चाळीत परतला की त्यानं चहा प्यावा, अंग टाकावं, बायकोशी चार शब्द बोलावेत. हा बसायचा स्टोव्ह उलटा करून. स्वतःचा नसला तर शेजारणीचा, पण स्टोव्ह उलटा हवाच.

चाळीच्या सामाईक नळावर त्यानं एक गंमत केली होती. बादलीत तरंगणारं बूच, बुचाला दोरा आणि दोऱ्याला सायकलची घंटी. बादली भरत आली की घंटी वाजायची. बायका आधी खूप हसल्या. मग घंटी वाजेपर्यंत खोलीत जाऊन भाजी चिरून यायला लागल्या. नळावरची भांडणं निम्म्यावर आली, आणि ज्यांना त्या भांडणांवाचून चैन पडत नसे अशा दोघीतिघी गुणाजीवर नाराजही झाल्या.

गुणाजीचा एक समज होता. जगातली कुठलीही अडचण घ्या, तिच्या मुळाशी कुठंतरी एखादा खिळा चुकीच्या जागी ठोकलेला असतो. तो शोधायचा, उपटायचा, दुसरीकडं ठोकायचा. शिक्षण चौथीपर्यंत, पण हा समज त्यानं असा जपला होता की जणू विलायतेहून शिकून आणलाय.

त्याचा धाकटा भाऊ दौलत. आई लवकर गेली म्हणून शेवंतीनंच वाढवलेला. त्याला रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात, भावासारखं आयुष्य काढायचं नव्हतं. त्याला साळखात्यात जायचं होतं, साच्यावर कापड विणायला. तिथं कामाला मान होता. पण त्यांच्या जातीचं साळखात्यात कुणी नव्हतं. दौलत तरीही गेला आणि जॉबर दगडूपुढं उभा राहिला. साच्यावर कुणाला घ्यायचं ते दगडूच्या हातात.

दगडू वाईट बोलला नाही. उलट गोड बोलला.

"ये की बाबा, तुला कोण नको म्हणतंय? पण धोट्याला तोंड लावावं लागतं. आज तू लावलास, उद्या पाळी बदलली की दुसऱ्यानं लावायचा. चालेल का कुणाला? माझं काही नाही हो. धोट्याचीच पंचाईत आहे."

आता ज्यांनी साचा पाहिला नाही त्यांना सांगायला हवं. धोटा म्हणजे लाकडाची वीतभर होडी. तिच्या पोटात सुताची कांडी बसवायची आणि साचा ती होडी इकडून तिकडं फेकत राहतो, तेव्हा कापड विणलं जातं. कांडी संपली की नवी घालायची, आणि तिचं सूत होडीच्या बाजूच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. ते काढायला बोट जात नाही. भोकाला ओठ लावून श्वास आत ओढायचा, की सूत सरकन तोंडात येतं. सुताबरोबर कापसाची धूळ येते, आणि आधी ज्यानं ओठ लावले असतील त्याची थुंकीही येते. सगळे विणकर एकमेकांची थुंकी मुकाट गिळायचे. जातीतली होती ती.

दौलत घरी आला आणि भिंतीकडं तोंड करून पडला. गुणाजीनं सगळं ऐकून घेतलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळला.

"धोट्याची पंचाईत हाय म्हनला? दुसरं कायबी न्हाई ना?"

"दादा, तो काय म्हनला ते तुला खरंच कळलं न्हाई का?"

"कळलं की. धोट्याची पंचाईत. मग धोटा बदलू."

दौलतनं शेवंतीकडं पाहिलं. शेवंतीनं पातेल्यात पाहिलं. गुणाजीला खिळा सापडला होता, आता कुणी काही बोलून उपयोग नव्हता.

त्याच सुमाराला मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून लालबाग-परळ पेटलं. हरताळ, मोर्चे, लाठ्या, गोळ्या. गुणाजीही मोर्चात होता. अश्रुधुराचं नळकांडं फुटलं तेव्हा तो एका बोळात शिरला. तिथं त्याच्याच गिरणीतला विणकर सीताराम भिंतीला टेकून खोकत होता. काळाचौकीला राहणारा, कोकणातला मराठा, माणूस सरळ. डोळे लाल, घशातून आवाज फुटेना. गुणाजीच्या खांद्याला त्याचा फिरकीचा तांब्या होता. गिरणीत त्याच्या लोकांचं पाणी वेगळं, म्हणून तो आपलं पाणी घरूनच न्यायचा. त्यानं फिरकी काढून तांब्या पुढं केला.

"पाणी घ्या, सीतारामभाऊ."

सीतारामनं तांब्याला तोंड लावलं आणि गटागटा प्यायला. थोडं डोळ्यांना लावलं, पुन्हा प्यायला. मग म्हणाला, "तुम्ही काय म्हणतंस रे मला? गोळी घालणारा विचारतो काय, तुझी जात कोणती? सीताराम म्हण."

त्या दिवसापासून दोघं 'अरे-तुरे'वर आले. भोंग्याआधी गिरणीच्या फाटकाशी उभं राहून विडी ओढायचे. सीतारामचा थोरला भाऊ साच्यावरच क्षयानं गेला होता आणि आता सीतारामलाही खोकला लागला होता. एका विडीच्या वेळेला गुणाजीनं आपला धोट्याचा विचार सांगितला. सीताराम खोकायचा थांबला.

"तोंड लावायचंच नाय?"

"न्हाई. बोटानं सूत वरून ठेवायचं, ते आपसूक आत बसंल. कुनाचं कुनाच्या तोंडात जायाचं न्हाई. तुझा भाऊ असता बघ आज."

सीतारामनं विडी विझवली. दुसऱ्या दिवशी त्यानं फुटका धोटा आणून दिला, सदऱ्याखाली लपवून.

मग शेवंतीच्या घरात लाकडाचा भुसा शिरला तो निघेचना. भाकरीत भुसा, उशीत भुसा. गुणाजीनं धोट्याला वरून तिरकी चीर पाडली, ती थेट भोकापर्यंत नेली. सूत चिरेतून आत जाई आणि धक्का बसला की तसंच बाहेर उडे. चीर अरुंद केली तर सूत कापलं जाई. पितळेची पट्टी बसवायला गेला तर लाकूड चिरलं. धोटा गेला, सीतारामनं दुसरा आणला. तोही गेला. मधेच बाबासाहेब गेले. तेव्हा चाळीतल्या चुली पेटल्या नाहीत, आणि गुणाजीची कानसही कितीतरी दिवस कोनाड्यात पडून राहिली. मग एका सकाळी त्यानंच ती उचलली. "ते शिका म्हनत हुते," एवढंच बोलला.

सूत आत जावं पण बाहेर येऊ नये, हे कोडं शेवंतीनं सोडवलं. चोळीचा हूक लावता लावता म्हणाली, "हे बघा, ह्यो सहज आत जातो, पन वढला म्हनून निघतो का? उलटा वळवावा लागतो." गुणाजीनं स्टोव्हच्या जुन्या बर्नरच्या पितळेतून तसाच आकडा वाकवला. सूत बसलं. ओढलं, झटकलं, धोटा भिंतीवर आपटला तरी बसून राहिलं. शेवंतीला त्याबद्दल कपभर चहाही जास्तीचा मिळाला नाही, पण दौलत त्या दिवशी भावाशेजारी येऊन बसला आणि स्वतःच्या हातानं पुन्हा पुन्हा सूत घालून पाहू लागला. "घेतील का रं दादा?" त्यानं विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यानं विचारलं होतं.

साळखात्याच्या मास्तरांना सीतारामनं राजी केलं. एक पाळी, एकच साचा, सीतारामचा. गुणाजीची दुसरी पाळी होती, पण तो सकाळीच गिरणीत आला आणि साळखात्याच्या दाराशी उभा राहिला. आत जायची त्याला बंदी होती असं नाही. तो गेला नाही, इतकंच.

साच्यांच्या गोंगाटात कानाला काही कळत नाही. गिरणीतली माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. तेव्हा गुणाजी दारातून सगळं वाचत होता. सीतारामनं कांडी बदलली, बोटानं सूत ठेवलं, साचा सुरू. आजूबाजूचे विणकर मान लांब करून बघत होते. एकाचे ओठ म्हणाले, "आता तोंड मोकळं झालं रे, बायकोशी भांडायला." दुसऱ्याचे म्हणाले, "माझ्या साच्याला पण दे." दगडूसुद्धा येऊन धोटा उलटसुलट बघून गेला. दुपारच्या सुट्टीत गुणाजीनं डबा उघडलाच नाही, पोट आधीच भरलं होतं.

सुट्टीनंतर सीताराम पुन्हा साच्यावर गेला. जेवण झालेलं, उकाडा, डोळ्यांवर झापड. कांडी संपली. त्यानं नवी घातली, धोटा उचलला, आणि मिसरूड फुटल्यापासून जे करत आला होता तेच केलं. ओठ लावले आणि श्वास ओढला.

तिथं ओढायला काही नव्हतंच. तोंडाला पितळेची चव लागली असेल. सीतारामला स्वतःचंच हसू आलं, त्यानं बाजूच्याकडं बघून कपाळावर हात मारून घेतला. बाजूचा मात्र हसला नाही. त्याचे ओठ हलले, सावकाश, वाचता यावेत असे.

"घरी करताना त्यानं तोंड लावूनच बघितला असेल की."

सीतारामचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, खाली कुणीतरी जमीन काढून घेतल्यासारखं. आणखी दोघांनी वळून बघितलं. मग त्यांच्या पलीकडच्यांनी. एक साचा थांबला, दुसरा थांबला. सीताराम साचा सोडून कोपऱ्यातल्या माठाकडं गेला. त्यानं चूळ भरली. पुन्हा भरली. बोटानं जीभ घासली, पुन्हा चूळ भरली. सगळे बघत होते, म्हणून भरत होता की स्वतःसाठी, ते त्याचं त्यालाच ठाऊक. दाराकडं त्यानं मान वळवली नाही.

त्याच तोंडानं तो बोळात गटागटा पाणी प्यायला होता. तिथं बघणारं कुणी नव्हतं.

थोड्या वेळानं दगडू दाराशी आला. धोटा त्यानं चिंधीत गुंडाळून आणला होता. तो गुणाजीच्या हातात दिला नाही, उंबऱ्यावर ठेवला.

"मास्तर म्हणतात, राहू दे. माणसं साचे सोडून जातील, कोण निस्तरणार?" मग त्याला बहुधा वाईट वाटलं, कारण आवाज मऊ करून म्हणाला, "धोटा चांगला केलायस हो गुणाजी. खोटं कशाला बोलू? धोट्याचं काहीच नाही."

गुणाजीनं धोटा उचलला. त्या दिवशीची पाळी त्यानं केली, भोंग्याला सुटला, घरी आला. दौलतनं दारातच त्याच्याकडं पाहिलं. भावाचा चेहरा वाचायला त्याला गिरणीतलं कसब लागत नव्हतं. पुढच्या आठवड्यात तो मालधक्क्यावर पोती उचलायला जाऊ लागला आणि साळखात्याचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

शेवंतीला धोटा चुलीत घालायचा होता. गुणाजी म्हणाला, "राहू दे." खाटेचा एक पाय आखूड होता, त्याखाली तिनं तो सारला. अगदी मापानं केल्यासारखा बसला. एवढी वर्षं डुगडुगणारी खाट स्थिर झाली, म्हणजे काहीच उपयोग झाला नाही असं नाही.

पण गुणाजीचे हात मात्र बसले ते बसलेच. मांडीवर एकावर एक ठेवलेले, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. नळावरच्या घंटीचा दोरा तुटला. बायका म्हणाल्या, "गुणाजीभाऊ, घंटी बघा की." तो म्हणाला, "बघू." नळावर पुन्हा भांडणं सुरू झाली. शेवंतीनं एकदा मुद्दाम चांगला चालणारा स्टोव्ह बिघडवून त्याच्यापुढं ठेवला. त्यानं तो बाजूला सारला आणि म्हणाला, "दुकानात दे." त्या दिवशी शेवंती मोरीत जाऊन रडली. धोटा परत आला तेव्हाही रडली नव्हती ती.

राज्य झालं त्या मे महिन्यात सगळी मुंबई सजली होती. चाळीला पताका लागल्या होत्या. दुपारी दारात सीताराम उभा राहिला. धोट्यानंतर पहिल्यांदाच येत होता. वाळून काटकी झाला होता. हातात पेढ्यांचा पुडा.

"गुणाजी, झालं रे आपलं राज्य," तो म्हणाला.

"या, बसा," गुणाजी म्हणाला.

ते 'या' सीतारामला लागलं. तो खाटेवर बसला. खाट हलली नाही. खाली काय आहे ते त्याला दिसलं की नाही, कोण जाणे. पुडा उघडून त्यानं पेढा पुढं केला. गुणाजीनं घेतला, तोंडात टाकला.

"एकत्र लाठ्या खाल्ल्या आपण," सीताराम म्हणाला. "विसरलो नाय मी."

"व्हय."

"माझा... त्या दिवशी..." आणि त्याला खोकला आला. तो थांबेचना. चेहरा काळानिळा झाला, डोळ्यांत पाणी आलं, खाटेची कड धरून तो वाकला. बाहेर रस्त्यावरून लेझीम चालली होती आणि खोलीत हा खोकत होता. शेवंती उठली, पण गुणाजीनं तिला हातानं थांबवलं. खुंटीचा फिरकीचा तांब्या काढला, झाकण उघडलं आणि सीतारामपुढं धरला.

"पाणी घ्या, सीतारामभाऊ."

दार उघडं होतं. सज्जात चाळीतली माणसं मिरवणूक बघायला उभी होती, त्यांच्यात साळखात्यातलेही दोघंचौघं होते. सीतारामनं तांब्याकडं बघितलं. मग दाराकडं बघितलं. सदऱ्याच्या बाहीनं त्यानं तोंड पुसलं.

"नको रे," तो धापा टाकत म्हणाला. "तहान नाय."

पेढ्यांचा पुडा खाटेवर ठेवून तो उठला आणि कठडा धरत जिना उतरला. गुणाजी तांब्या हातात धरून उभा होता. खालून सीतारामचं खोकणं बराच वेळ ऐकू येत राहिलं. ते लेझमीत मिसळून गेल्यावर गुणाजीनं तांब्याचं झाकण लावलं आणि फिरकी आवळली. पुढं आवळली जाईना, तरी आवळतच राहिला.