खरी गोळी

चप्पल पायातून निसटते आणि आपल्याला कळतही नाही, ही माझ्या आजाराची सुरुवात होती. शाळेच्या व्हरांड्यातून वर्गाकडे जाताना मागून एखादी मुलगी ओरडायची, "बाई, तुमची चप्पल!" वळून बघावं तर डावी चप्पल पार मागे पडलेली. पहिल्यांदा मीही मुलींबरोबर हसले. मग मागे पट्टा असलेली सँडल घेतली. पुढे पाऊलच उचलेनासं झालं, तेव्हा हसणं थांबलं.

मी नाशिकच्या एका शाळेत मराठी शिकवत होते. वय पस्तिशीच्या आत. हाडांच्या डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिला, कुणी ताकदीची इंजेक्शनं दिली. शेवटी मेंदूच्या डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला आणि फिल्म उजेडासमोर धरून पांढरे ठिपके दाखवले. मज्जातंतूंवरचं आवरण जागोजागी खराब झालंय, म्हणाले.

"बरं होईल ना?" माझ्या नवऱ्यानं विचारलं.

डॉक्टर फिल्म पाकिटात घालत म्हणाले, "वाढू नये म्हणून प्रयत्न करू."

दोन-तीन वर्षांत माझ्या हातात काठी आली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो. शाळेतून आल्यावर जिन्याच्या पहिल्या वळणावर मी बसकण मारायचे. येणारे-जाणारे चौकशी करायचे, म्हणून पिशवीत काहीतरी शोधत असल्यासारखं करायचे.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराला डॉक्टरांनी एका नव्या गोळीच्या चाचणीबद्दल सांगितलं. ज्यांना मेंदूच्या किंवा मणक्याच्या आजारामुळे चालता येत नाही, अशांसाठी ती गोळी होती. आजार जाणार नव्हता, पण पाय जरा हलके होतील अशी आशा होती. काही जणांना खरी गोळी मिळणार, काहींना हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली. "कुणाला कुठली, ते मलाही माहीत नसेल," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे हिच्यावर प्रयोग?" नवऱ्यानं विचारलं.

"हो, प्रयोगच आहे."

त्यांनी तो शब्द टाळला नाही, याचं मला बरं वाटलं. आम्ही स्कूटरवरून घरी निघालो. गंगापूर नाक्याच्या सिग्नलला थांबल्यावर नवरा मान न वळवताच म्हणाला, "तुला करायचंय ना?"

"मला जिना चढायचाय," मी म्हणाले.

चाचणी म्हणजे काय, तर दर महिन्याला दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावरच्या बोळात चालून दाखवायचं. फरशीवर दोन ठिकाणी चिकटपट्टी लावलेली होती. या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत जायचं, सिस्टर हातात घड्याळ घेऊन बाजूनं चालायची. "जमेल तेवढं भरभर चाला. पण पडायचं नाही हं." नंतर रक्त द्यायचं, गोळ्यांची बाटली घ्यायची आणि आपला नंबर येईपर्यंत बाकावर बसून राहायचं.

त्या बाकावर मला काका आणि काकू भेटले. ते इगतपुरीहून पॅसेंजरनं नाशिक रोडला यायचे, तिथून सिटी बस. काका रेल्वेत गँगमन होते. घाटातल्या रुळांवरून रोज पायी जाऊन रूळ बघायचे, सैल झालेलं ठोकून बसवायचं, असं त्यांचं सगळं आयुष्य चालण्यात गेलेलं. निवृत्त झाले आणि मणक्याच्या दुखण्यानं दोन्ही पाय ताठले. आता काकूंच्या खांद्यावर हात ठेवून, लाकडी बाहुल्यासारखे टाचा ओढत यायचे.

काकूंनी पहिल्याच दिवशी डबा उघडून तांदळाची भाकरी आणि खुरासणीची चटणी माझ्या हातावर ठेवली. मी शिकवते हे कळल्यावर दोघंही मला बाई म्हणायला लागले.

"बाई, घाटात पावसाचं धुकं आलं ना, का हातभरावरचं दिसत नाय," काका सांगायचे. "तवा पायालाच कळायचं, कुठं काय हाय ते. आता ह्यो पाय मलाच वळखत नाय."

तिसऱ्या की चौथ्या खेपेला मी बाकावर बसले होते आणि काका जिन्यावरून वर आले. काकू मागून येत होत्या, पिशवी सांभाळत. त्यांच्या खांद्यावर काकांचा हात नव्हता. काकांचे गुडघे वाकत होते. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि परत बोळाच्या टोकापर्यंत जाऊन आले. सिस्टर आपल्या खोलीतून बाहेर येऊन बघत राहिली. काकू मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

मला फार आनंद झाला. तो खराच होता. पण थोड्या वेळानं माझं नाव पुकारलं. मी उठले, चालले, आणि सिस्टरनं घड्याळाकडे बघून नेहमीसारखंच काहीतरी लिहिलं. माझ्या चालण्यात काहीच फरक नव्हता.

परत आले तर काका माझी वाट बघत होते. "बाई, तुमाला खोटी भेटली," ते हळूच म्हणाले. त्यांनी पिशवीतून आपली बाटली काढली. "ह्यातल्या घ्या निम्म्या."

"काका, असं नाही चालत. सिस्टर उरलेल्या मोजते."

"मी सांगन, गाडीत सांडल्या."

"आणि तुम्हाला कमी पडल्या म्हणजे?"

काकू डोळे पुसत म्हणाल्या, "घ्या बाई. ह्यांना लय गुण आलाय. तुमचं वय केवढं!"

मी ती बाटली काकांच्या मुठीत दाबून धरली. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडले.

तेव्हापासून मी मनाशी पक्कं धरलं, की मला मिळतेय ती नुसती पांढरी खडूची गोळी आहे. खरी अजून यायचीय. ती आली की मीही काकांसारखी जिना चढून जाईन. ते महिने मी या एका विचारावर काढले, आणि वाईट काढले नाहीत. नवराही म्हणायचा, "थांब थोडं, औषध बाजारात येऊ दे."

चाचणी संपली. शेवटच्या दिवशी सगळ्यांच्या बाटल्या परत घेतल्या. काकांना ते आधी सांगितलेलं होतं, सहीही झालेली होती. पण पाय चालायला लागल्यावर ते कुणाच्या लक्षात राहतं!

"सगळे निकाल कंपनीकडे जातील," डॉक्टर त्यांना समजावत होते. "नंतर परवानगी, मग औषध. वेळ लागेल, काका. माझ्या हातात असतं तर दिलं असतं."

"मंग मला चालवलं कशापायी?" काकांनी विचारलं. आवाज चढवला नाही.

बऱ्याच महिन्यांनी सिस्टरचा फोन आला. कुणाला काय दिलं होतं, ते आता कळलं होतं, आणि मी तिला सांगायला बजावून ठेवलं होतं. काकांना खरी गोळी होती. मलाही खरीच होती. काही लोकांना नाही लागू पडत, ती म्हणाली. मी थँक्यू म्हणून फोन ठेवला. स्वयंपाकघरात दूध उतू गेलं. मी फोनपाशीच बसून होते.

त्या हिवाळ्यात आम्ही इगतपुरीला जाऊन आलो. काका खाटेवर होते. पाय पुन्हा ताठलेले, पहिल्यापेक्षा जास्तच. घाट चढून आलेल्या गाड्यांचे आवाज घरात येत होते. बऱ्या दिवसांत ते एकदा बोगद्यापर्यंत चालत गेले होते. तिथल्या गँगच्या पोरांनी त्यांना चहा पाजला होता, हे त्यांनी आम्हाला दोनदा सांगितलं.

"आधी मी पाय इसरून गेलो व्हतो, बाई," ते म्हणाले. "इसरलेलं बरं असतं. आता सपनात चालतो. जाग आली का लय वंगाळ वाटतं."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"पन तुमचं तसं नाय," ते एकदम हुशारीनं म्हणाले. "तुमाला खोटी व्हती. खरी दुकानात आली का पयल्या तुमी घ्या. लगेच चालाल."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं.

"हो काका," मी म्हणाले. "घेईन."

ती गोळी आमच्याकडे कधी आली नाही. कंपनीनं ते काम पुढे सोडून दिलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही तळमजल्यावर घर घेतलं. शाळेनं मला खालचा वर्ग दिला, नंतर तोही सुटला आणि चाकाची खुर्ची आली.

दोन पावसाळ्यांनंतर काकूंनी कुठल्याशा बूथवरून फोन केला. काका गेले होते, पंधरवडा झाला होता. ताप आला आणि त्यातच गेले.

"तुमची आठवण काढली बाई त्यांनी," काकू म्हणाल्या. "इचारत व्हते, बाईंना गोळी भेटली का? मी सांगितलं, भेटली. चालत्यात आता."

"बरं केलंत, काकू," मी म्हणाले.

मग त्या भाताच्या लावणीचं सांगायला लागल्या, माणसं मिळत नाहीत म्हणून. मी रिसीव्हर कानाला धरून ऐकत राहिले.