आईच्या वाटीचा मफिन

आईनं गेल्या महिन्यात जेवण सोडलं. रागानं वगैरे नाही. घास तोंडात घेते, या गालातून त्या गालात फिरवते आणि हळूच तळहातावर काढून ठेवते. अर्धांगाचा झटका आल्यापासून तिच्याकडे शब्दही मोजकेच उरलेत, त्यामुळे काय बिनसलं ते तिला सांगता येत नाही आणि मला समजत नाही. मुलुंडला माझ्याकडे तिला आणून वर्ष होईल. आली तेव्हा तिला खुर्चीत बसवायला दोघी लागायच्या. आता दिवसभर सांभाळायला येणाऱ्या मावशी तिला एकट्याच उचलतात.

डॉक्टर म्हणाले, "पथ्यबिथ्य सोडा आता. आवडीचं द्या. पोटात काहीतरी गेलं पाहिजे." पुढचं ते बाहेरच्या खोलीत, दार लोटून बोलले. फार नाही म्हणाले. दिवाळीपर्यंतचं काही ठरवू नका, एवढंच. दिवाळीला दोन महिने होते.

मी आत आले, आईच्या कानाशी वाकले आणि विचारलं, "आई, काय खाशील?"

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "मफिन."

दुसऱ्या कुणाची आई असती तर मला गंमत वाटली असती. पण मफिन या पदार्थाची वाट लावण्यात माझा हात आहे. आमच्या घरात तो शब्द निघाला की मला अजूनही आपण कुणाच्या तरी पाया पडायला हवं असं वाटतं. अंधेरीच्या एका केक-बिस्किटांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, मी अख्खी नोकरी केली. वरून हुकूम आला म्हणून केलं, असं म्हणायची सोय आहे. पण हुकूम यायच्या आधीच वही उघडून बसणाऱ्यांतली मी होते.

आधी आईचा मफिन सांगते. पार्ल्याच्या आमच्या दोन खोल्यांत एक गोल, ॲल्युमिनियमचा विजेचा ओव्हन होता. झाकणाला वर काच. बाबांनी बोनसमधून आणला होता. आईनं महिला मंडळाच्या वर्गात आठ दिवस जाऊन मफिन शिकून घेतले, आणि नववा दिवस उजाडायच्या आत बाईंच्या कृतीत बदल केले. मुख्य बदल लोण्याचा. आठवडाभराची साय विरजायची, रविवारी सकाळी घुसळायची, सगळ्याचं तूप न कढवता एक गोळा बाजूला ठेवायचा. त्यात साखर फेसायची, अंडी, मैदा, चिमूटभर सोडा, किसलेलं जायफळ. साचे नव्हतेच. स्टीलच्या छोट्या वाट्यांना तुपाचा हात फिरवून त्यातच पीठ ओतायचं. झाले की नाही ते बघायला विणायची सुई खुपसायची. सुई कोरडी निघाली की ती म्हणायची, "उतरा रे," जसं काही आम्ही गाडीतच बसलो होतो.

हे मफिन वरून खरपूस आणि थोडे फुटलेले असायचे. खाताना घशात अडकायचे, चहा लागायचाच. तिसऱ्या दिवशी त्यांना वास यायचा, पण तिसरा दिवस त्यांनी क्वचितच पाहिला.

माप सगळं एका वाटीचं. तिच्या लग्नातली वाटी, कडेला तिचं नाव कोरलेलं. दोन वाट्या मैदा, शीग न लावता. साखर वाटीला बोटभर कमी. लोणी दाबून एक. ग्रॅम वगैरे तिच्या गावीही नव्हतं.

नोकरी लागून दोनेक वर्षं झाली होती. रविवारचे उरलेले चार मफिन मी सोमवारी डब्यात नेले. साहेबांनी एक उचलला, चहात न बुडवता खाल्ला आणि म्हणाले, "हे कुणी केलं?"

"आईनं."

"मग कृती घेऊन ये ना यार. इथे आपण काय दगड भाजतोय?"

घरी सांगितलं तेव्हा आई लाजली. मग गंभीर झाली, आणि म्हणाली की लिहून दिलेलं चुकेल, तू वाटीच घेऊन जा, तिथे वजन कर. तिनं ती वाटी नॅपकिनमध्ये गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवली. "परत आण गं," एवढंच म्हणाली.

मी वाटी काट्यावर ठेवली, मैदा भरला, सपाट केला, आकडा लिहिला. साखरेचा लिहिला. लोण्याचा लिहिला. वाटी टेबलाच्या खणात ठेवली. पुढे प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर हलली, जुनी टेबलं भंगारात गेली, त्यांच्याबरोबर खणातलं सगळंच गेलं. मला हे कळलं तेव्हा चार-सहा महिने उलटून गेले होते. आईनं वाटी कधी मागितली नाही, मीही विषय काढला नाही. घरात एवढी भांडी, त्यात एका वाटीचं काय, असं मी स्वतःला सांगितलं.

पहिली पुडी बाजारात आली तेव्हा तिच्यातला मफिन खरंच बराचसा आईचा होता. लोणी नव्हतं, पण बटर खरं होतं. अंडी खरी होती. चार-पाच दिवस टिकायचा. आईनं ती पिवळी पुडी बिल्डिंगमध्ये घरोघर दाखवली. कृती तिची, पण ते ती कुणाला सांगेना; म्हणायची, "माझ्या लेकीनं केलाय." आणि त्याच दिवाळीत, नवा कुकर घेताना, तिनं तो गोल ओव्हन मोडीत दिला. मी विचारलं, "अगं, का?" तर म्हणाली, "आता घरी कशाला? तुझा एवढा कारखाना आहे."

तिनं पुन्हा कधी मफिन केला नाही. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, उलट बरं वाटलं. या गोष्टीची मला आज सगळ्यात जास्त चीड येते.

पुढे जे झालं ते एकदम नाही झालं. एकदम झालं असतं तर कुणीतरी ओरडलं असतं. आधी बटर अर्धं झालं आणि अर्धं वनस्पती. मग बटर फक्त वासापुरतं, तेही बाटलीतून, बाकी पामतेल. अंड्यांच्या जागी अंड्यांची पावडर आली. मग विक्रीवाले म्हणाले की घाटकोपर-मुलुंडच्या दुकानांत अंडं चालत नाही, पुडीवर हिरवा ठिपका हवा. अंडं गेलं. अंडं गेल्यावर मफिन बसायला लागला, म्हणून तो उभा राहावा यासाठी पांढरा मलमासारखा जेल आला, आणि सुकू नये म्हणून आणखी एक चिकट पातळ द्रव. जायफळ कधी गेलं ते तर माझ्याही लक्षात नाही. मफिन लहान होत गेला, पुडी तेवढीच राहिली.

प्रत्येक बदलाच्या वेळी आम्ही दोन ताटल्यांत जुना आणि नवा ठेवून फरक कळतो का बघायचो. कळायचा नाही. कारण जुना म्हणजे मागच्याच वर्षीचा. पहिल्या पुडीशी ताडून कुणी पाहिलं नाही, आणि आईच्या डब्याशी तर नाहीच. मला ते सुचायला हवं होतं.

एकदा चार महिने कपाटात ठेवलेली पुडी आम्ही सगळ्यांसमोर फोडली. बुरशी नाही, वास नाही, बोट दाबलं तर आत जाऊन वर येणारा मफिन. साहेब म्हणाले, "झकास!" आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्यातलीच एक पुडी घरी नेली. आईनं तुकडा मोडला, खाल्ला आणि म्हणाली, "मऊ आहे गं." पहिल्या बदलापासून ती दर वेळी हेच म्हणत आली होती. चांगला आहे असं ती एकदाही म्हणाली नाही, हे मला नोकरी सुटल्यावर, रिकामपणी आठवलं.

आता तर मॉलमध्ये मुठीएवढे मफिन मिळतात, वर चॉकलेटचे खडे, आत पातळ चॉकलेट, शेजारी 'आजचे ताजे' अशी पाटी. ताजे खरेच, सकाळी पोतं फोडून पावडरीत पाणी आणि तेल घातलेलं असतं. ती पावडर कशाची हे मला विचारू नका. काही पोती आम्हीच विकलीत.

तर आई म्हणाली "मफिन", आणि मी ठरवलं की तिला तिचाच मफिन करून घालायचा. मावशी म्हणाल्या, "ताई, खाली दुकानात मिळतो की." मी त्यांच्यावर उगाच खेकसले.

आठ दिवस साय जमवली. लोणी काढलं. आईची जुनी वही काढली, तर तिच्यात सगळीकडे वाटी, वाटी, वाटी. ग्रॅमचे आकडे कारखान्याच्या वहीत, आणि ती वही कारखान्याची. मी घरातल्या सगळ्या वाट्या ओट्यावर मांडल्या आणि एकेक हातात धरून पाहिली. पार्ल्याच्या ओट्यावरची ती वाटी माझ्या हातात केवढी होती ते आठवायचा प्रयत्न केला. आठवली ती लहानपणची, तेव्हा माझा हातच लहान होता. यापुढे काही डोकं चालेना, मी ओट्याला टेकून रडले.

पहिला घाणा दगड झाला. दुसरा मध्ये बसला. तिसऱ्यात सोड्याचा कडवटपणा उतरला. चौथा वरून फुटला, खरपूस झाला, विणायची सुई कोरडी निघाली. मी तो चाखला आणि थांबले. हाच का तो? मला सांगता येईना. जन्मभर चवी तपासून पगार घेतला, आणि आईच्या मफिनची चव माझ्या जिभेवर शिल्लक नव्हती. म्हटलं, आईला कळेल. आता ती एकटीच उरलीय जिला कळेल.

दुधात भिजवून मऊ केलेला तुकडा मी तिच्या तोंडात घातला. तिनं या गालातून त्या गालात फिरवला. तिनं तो तळहातावर काढून ठेवला.

"नको," ती म्हणाली.

"आई, मफिन आहे. तूच मागितलास ना?"

तिनं मान हलवली. शब्द शोधत होती, कपाळाला आठ्या पडल्या. मग एकदाचे सापडले. "तुझा. तू केलेला."

"अगं, मीच केलाय हा. आत्ता केलाय."

"नाही," ती चिडून म्हणाली. "तुझा."

मावशी दारात उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "ताई, रागावू नका. त्या पिवळ्या पुडीतला मागतायत. मी आणते."

त्यांनी आणलेली पुडी मी फोडली. तुकडा मोडला. आईनं तोंड उघडलं, चावला आणि गिळला. मग पुन्हा तोंड उघडलं. महिन्याभरात पहिल्यांदा तिनं एक अख्खा जिन्नस संपवला. हनुवटीवरचा चुरा मी पुसला तेव्हा तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "चांगला झालाय गं."

माझ्या मफिनना कुणी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना वास आला, चौथ्या दिवशी बुरशी. मी ते पिशवीत बांधून कचऱ्यात टाकले.

तेव्हापासून रोज सकाळी मी तिच्यासाठी एक पुडी फोडते. पुडीची मागची बाजू वाचायची माझी सवय जात नाही. त्यातलं एकेक नाव माझ्या ओळखीचं आहे, काही तर मीच आत घातलीत. आईच्या स्वयंपाकघरातलं म्हणावं तर फक्त मैदा आणि साखर. आज त्या यादीखालची तारीखही वाचली. अजून चार महिने हा मफिन असाच मऊ राहणार आहे. आईला डॉक्टरांनी एवढी मुदत दिलेली नाही.

तिनं तोंड उघडलं. मी पुढचा तुकडा मोडला.