धारोष्ण शेण

शेणाने माखलेला हात झटकायचा आणि त्याच हाताच्या मनगटाने मिशीवरचा दुधाचा फेस पुसायचा, ही आमच्या शेजाऱ्यांची रोजची लकब. राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत सकाळच्या चहाला हे दर्शन फुकट असे. तुमच्याही शेजारी असला एखादा नमुना असेलच.

आता कोल्हापूरचा माणूस गवळ्याच्या कट्ट्यावर उभा राहून समोर पिळलेलं म्हशीचं दूध पितो, यात नवल नाही. या गृहस्थांनी तोच नियम शेणाला लावला. दूध पिऊन झालं की त्याच म्हशीचं शेण बादलीत भरून स्कूटरवर आणायचं आणि वाफ निवायच्या आत गुलाबांच्या बुंध्याशी ओतायचं.

"अहो, चार-सहा महिने कुजू द्या. ताज्या शेणाने मुळं जळतात," मी म्हटलं.

"वैनी, तुमी शिळं दूध पिता काय? मग गुलाबानं शिळं का खायाचं? त्येला जीव न्हाई व्हय?"

अशी ही अक्कल! पानं करपली की उन्हाला शिव्या, कळ्या गळल्या की रोपवाल्याला. जन्मभर कोर्टात कारकुनी केलेली, तरी आरोपी कायम दुसराच.

हातमोजे मी स्वतः नेऊन दिले. ते त्यांनी कावळे हाकलायला कुंपणाच्या खांबांवर चढवले. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या म्हटलं, तर म्हणाले, "काटा टोचून कोन मेलंय व्हय?"

"सांगून सांगून दमलो बघा," त्यांची बायको दारातून म्हणाली.

मग एकदा छाटणी करताना तळव्यात काटा खोल रुतला. त्यांनी तो दातांनी उपटला आणि हात पुन्हा बादलीत घातला. आठवड्याभरात जबडा आवळला. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलणाऱ्या माणसाला दवाखान्यात तोंड उघडता येईना. चांगलं सुनावायचं ठरवून मी गेले होते. त्यांचे घाबरलेले डोळे बघितले आणि तशीच परत आले. ते काही घरी आले नाहीत.

मला त्यांचा अजून राग येतो. एवढ्याशा हट्टापायी कुणी जीव घालवतं का? आणि सकाळी ती स्कूटर वाजत नाही, याचंही वाईट वाटतं.

ते दवाखान्यात असताना गवळ्याने माणुसकीने शेणाची एक खेप त्यांच्या अंगणात ओतली होती. सहा महिने तिला कुणी हात लावला नाही. परवा त्यांच्या बायकोने बोलावलं. ढीग काळा, भुसभुशीत झाला होता, घाण वास म्हणून नव्हता. आम्ही दोघींनी हातमोजे घालून ते खत गुलाबांना घातलं.

"आता कसे फुलतात बघा," मी म्हटलं.

"फुलतील की," त्या म्हणाल्या. "पर त्येंस्नी कुनी सांगायचं?"